शब्दांची खतावणी : जमा, वजा आणि नफा

दिवाळीचे हिशोब मिटले की लोकांना शब्द आठवतात, हा माझा जुना अनुभव. कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात मी ३६ वर्षं दिवाणजी होतो. पाडव्याला वहीपूजन झालं, पेढे वाटून झाले, की ओट्यावर बसलेला कुणीतरी हमखास विचारायचा, "दिवाणजी, ह्ये खतावणी म्हंजे काय ओ? खत कशाला घातलंय त्यात?" मी सांगायचो, खात्यांची वही ती खतावणी, शेणखताशी तिचं काही नातं नाही. समोरचा हसायचा आणि पुढच्या पाडव्याला तेच विचारायचा.

यंदाच्या टपालात पाच पत्रं 'नफा' या एकाच शब्दाभोवती घिरट्या घालणारी निघाली. पाचही इथं घेतो. पहिल्याला जागा जास्त जाणार आहे, बाकीच्यांनी राग मानू नये.

राजारामपुरीतून एक ताई लिहितात : मी उन्हाळ्यात ऑर्डरप्रमाणे कांदा-लसूण चटणी करून देते. यंदा ४० किलो केली. वहीत शेवटी 'नफा ६,६५०' असं लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, "नफा काय लिहितीस? तो आपला शब्द न्हवं. लाभ लिही." मुलगा म्हणतो, प्रॉफिट लिही, बँकेत तेच चालतं. यातला खरा शब्द कोणता, आणि कुठला? वहीच्या पानाचा फोटो सोबत पाठवत आहे.

ताई, निकाल आधी देतो, कारण एकदा मूळ शोधत निघालो की मी कुठल्या स्टॉपवर उतरेन सांगता येत नाही. 'नफा'च लिहा. मात्र ६,६५० हा आकडा खोडा. का, ते शेवटी सांगतो.

नफा अरबी आहे, यात सासूबाई बरोबर. मूळ शब्द 'नफ्अ'. शेवटचा जो 'अ' मी लिहिलाय तो खरं म्हणजे 'ऐन' नावाचं अक्षर, घशाच्या तळातून काढायचा आवाज. आपल्या गळ्याला तो झेपत नाही. मग मराठीनं काय केलं? जिथं तो आवाज शब्दाच्या टोकाला होता तिथं सरळ 'आ' ठोकून दिला. नफ्अचा नफा झाला, जम्अचा जमा झाला, वज्अचा वजा झाला, मन्अचा मना झाला. 'कशाची तमा न बाळगता' म्हणतो त्यातली तमासुद्धा 'तमअ' म्हणजे हाव. शुरूअ आणि रुजूअ या दोघांच्या टोकाला ऊ होता, तिथं ऐन नुसताच गळून पडला आणि आपल्याला 'सुरू' आणि 'रुजू' मिळाले. म्हणजे कीर्दवहीत आपण रोज जे जमा, वजा, नफा लिहितो, ते तिन्ही एकाच ठिकाणी दुखावलेले भाऊ आहेत.

त्यातही नफा जरा जास्तच रुळला. वजा अजून पाहुण्यासारखा अंग चोरून बसतो, त्याला विभक्ती लागत नाही. 'वज्याला' कुणी म्हणत नाही. जमेची गाडीही 'जमेची बाजू', 'जमेस धरणं' यापुढं फारशी जात नाही. नफ्याचं मात्र नफ्यात, नफ्याला, नफ्याचा असं सगळं चालतं, थेट घोडा-घोड्याला, आंबा-आंब्याला या चालीवर. कोल्हापुरी गुळाचं मोठं गिऱ्हाईक गुजरात. तिकडच्या व्यापाऱ्यांचे फोन यायचे, त्यांच्या तोंडी तो 'नफो' असायचा, त्यांच्या घोडो-आंबोसारखा. ज्या शब्दाला दोन्ही भाषांनी आपापली विभक्ती लावून घेतली, त्याला परका म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तो इकडं आला कसा? पन्हाळ्यासह हा मुलूख आदिलशाहीत होता. पहिल्या इब्राहिम आदिलशहानं (१५३४ ते १५५८) महसुलाचे हिशोब फारसीऐवजी इथल्या भाषेत ठेवायला लावले. लिहिणारे कारकून आपलेच होते, भाषा मराठी झाली, पण हिशोबाचे ठरलेले शब्द तसेच राहिले. पुढं शिवराज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश झाला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा. त्यात व्यापाराचा 'पण्यवर्ग' वेगळा आहे. दरबारानं मनावर घेतलं, बाजारानं नाही. जमा, खर्च, वजा, बाकी, वसूल यातला एकही शब्द दुकानाच्या पायरीवरून खाली उतरला नाही.

आता अर्थ. अरबीत 'नफ्अ' म्हणजे उपयोग, कामी येणं. पैशाचा त्यात मुळात संबंध नाही. औषधानं गुण आला तर तो नफ्अ. अल्लाहच्या नावांमध्ये 'अन-नाफिअ' हे एक नाव आहे, म्हणजे भलं करणारा. त्याच्या उलटचा शब्द 'जरर', म्हणजे इजा. 'कमी भरणं' असा विरोध तिथं नाहीच.

हे मी शब्दकोशात वाचलं ते फार नंतर. त्याआधी एका म्हाताऱ्यानं मला ते शिकवलं होतं. शेतकऱ्याचा गूळ विकला गेला की आम्ही त्याला हिशोबपट्टी द्यायचो. वर रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, किती, वजन, दर, एकूण रक्कम. त्याखाली वजा अडत, वजा हमाली, वजा तोलाई, वजा उचल. उचल म्हणजे हंगामाआधी दुकानातून नेलेली रक्कम. १९७८ सालची गोष्ट. राधानगरीकडचे एक आजोबा समोर बसले होते, मी पट्टी वाचून दाखवत होतो. ते म्हणाले, "दिवाणजी, वजा-वजा करत पट्टीच्या तळाला आला की. आता माज्या हातात काय ऱ्हातंय तेवढं सांगा." मी रक्कम सांगितली, त्यांनी अंगठा दिला आणि गेले. त्या पट्टीत मी ३०० रुपयांची उचल दोनदा वजा केली होती. मोठ्यानं वाचतानासुद्धा माझ्या ध्यानात आलं नाही, आणि त्यांना अक्षर ओळखत नव्हतं. चूक सापडली थेट दिवाळीला, शिल्लक जुळेना तेव्हा. निरोप धाडून बोलावलं, मालकांनी ३०० मोजून दिले. आजोबांनी नोटा कनवटीला लावल्या आणि शांतपणे म्हणाले, "म्हंजे इतकं म्हयनं माज्या पैशाचा नफा तुमी खाल्ला म्हणा की."

दुकानाला एका पैचीही वाढ मिळाली नव्हती. ते पैसे नुसते आमच्या गल्ल्यात होते, आमच्या कामी येत होते. त्यालाच आजोबा नफा म्हणाले, आणि अरबीच्या कुठल्याही पंडितानं त्यांना पास केलं असतं. मला तीन रात्री झोप लागली नाही, ते वेगळं.

लाभाकडं वळू. लाभ संस्कृत, 'लभ्' धातूचा, म्हणजे मिळणं. अमरकोशात वैश्यवर्गात मूलधनाच्या शेजारीच 'लाभोऽधिकं फलम्' असं दिलंय, म्हणजे मुदलाहून अधिक जे फळ ते. व्यापारी अर्थ जुनाच आहे, सासूबाईंना तेवढं श्रेय देतो. गीतेत 'लाभालाभौ जयाजयौ' येतं. तिथं एक गंमत बघा, तोट्याला वेगळा शब्दच घेतलेला नाही; मिळालं तर लाभ, न मिळालं तर अलाभ. आमच्या गावी खळ्यावर धान्य मोजताना माझे आजोबा पहिल्या पायलीला कधी 'एक' म्हणायचे नाहीत. "लाभ" म्हणायचे, मग "दोन", "तीन". मी लहानपणी एकदा मध्येच "एक!" म्हणून ओरडलो तर पायली पुन्हा राशीत ओतून पहिल्यापासून मोजली होती.

पण लाभाला कष्ट लागतातच असं नाही. पुत्रलाभ होतो, दर्शनाचा लाभ होतो, लग्नपत्रिकेवर 'भोजनाचा लाभ घ्यावा' असं छापतात. तिथं एकदा 'भोजनाचा नफा घ्यावा' असं छापून बघा, यजमान दारातच पावती मागतील. लाभ फुकट मिळू शकतो. नफ्याला आधी पदरचं काहीतरी घालावं लागतं, मग त्यातून काय सुटलं ते बघायचं. तिजोरीवर शेंदरानं 'शुभ लाभ' लिहितात ते म्हणूनच शोभतं, ती देवाकडं केलेली मागणी आहे. हिशोबाच्या तळाला मागणी लिहून कसं चालेल? तिथं झालं ते लिहायचं.

चिरंजीवांचा प्रॉफिट लॅटिन घराण्यातला, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला. लॅटिनमध्ये 'प्रो' म्हणजे पुढं आणि 'फाचेरे' म्हणजे करणं. जुन्या उच्चारात 'फाकेरे'. दोन्ही मिळून 'प्रोफिकेरे', म्हणजे पुढं सरकणं, प्रगती होणं. त्यापासून 'प्रोफेक्तुस', म्हणजे झालेली प्रगती, आणि फ्रेंचांच्या तोंडी झिजून प्रॉफिट. फॅक्टरी, मॅन्युफॅक्चर, बेनिफिट ही सगळी त्याच 'करणे'वाल्याची पोरं. बेनिफिट म्हणजे 'चांगलं केलेलं'. आणखी मागं गेलात तर लॅटिनचा 'प्रो' आणि आपला 'प्र' एकाच मुळाचे आहेत, आणि ते 'फाकेरे' आपल्या 'धा' धातूच्या नात्यातलं आहे. प्र आणि धा यांचा आपल्याकडं जो मोठा शब्द झाला तो 'प्रधान'. तेव्हा प्रॉफिट हा प्रधानांचा लांबचा चुलतभाऊ लागतो. आडनावाच्या प्रधानांनी यावरून कुठल्या कंपनीत हिस्सा मागू नये.

म्हणजे एकाच ६,६५० रुपयांकडं सासूबाई 'काय मिळालं' म्हणून बघतात, मुलगा 'किती पुढं गेलो' म्हणून बघतो, आणि तुमच्या वहीतला शब्द विचारतो की कुणाच्या कामी आलं. मला तिसरा प्रश्न जास्त आवडतो. लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात तर यातला एकही शब्द ऐकू येत नाही. तिथं "किती सुटलं?" असंच विचारतात आणि "ऱ्हायलं चार पैसं" असंच उत्तर येतं.

आता तुमचं पान. ४० किलो, ६०० रुपयांनी, २४,००० आले. खर्च १७,३५०. मिरची, खोबरं, लसूण, कांदा, तीळ, धने-जिरे, तेल, मीठ, कांडप, पिशव्या, सगळं नीट लिहिलंय. लसूण सोलायला आलेल्या शेजारणीचे ६०० रुपयेही लिहिलेत, ते फार आवडलं. पण ताई, कांदा चिरून वाळवणारी, खोबरं भाजणारी, कांडपाच्या रांगेत डबा घेऊन उभी राहणारी, शिंकत शिंकत मसाला कालवणारी जी बाई होती, तिची मजुरी पानावर कुठंच नाही. आठ दिवस तरी गेले असतील. ५०० रुपये रोज धरा, ४,००० झाले. गॅसचा सिलिंडरही घरच्या खर्चात लपलाय, तो बाजूला ठेवू. नफा उरला २,६५०. बाकीचे ४,००० तुमचा पगार आहे. तो नफ्यात घातलात तर पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणेल, किलोमागं ५० रुपये कमी करा की, इतका नफा आहे तुम्हाला. आणि तुम्ही कमी कराल. म्हणजे २,००० गेले आणि खरा नफा उरला ६५०.

गारगोटीहून एक शिक्षक विचारतात : नफा अरबी, मग तोटा कुठला? आणि 'आमच्याकडे माणसांना तोटा नाही' म्हणतो तेव्हा कुठल्या धंद्यात बसलेला तोटा असतो तो?

सर, तोटा शंभर टक्के आपला. संस्कृत 'त्रुट्', म्हणजे तुटणं, कमी पडणं. त्याच घरातले त्रुटी, तूट आणि तुटवडा. 'माणसांना तोटा नाही' यातला अर्थ आधीचा आहे. धंद्यातला नंतर चिकटला. म्हणजे 'नफा-तोटा' या जोडीतला नवरा अरबस्तानातला आणि नवरी महाराष्ट्रातली, आणि संसार चारशे वर्षांहून अधिक चाललाय.

इंग्रजांकडं ही जोडी एकाच घरातली आहे. अर्थसंकल्पात तूट येते तिला ते डेफिसिट म्हणतात. तेही 'फाकेरे'चंच लेकरू, फक्त पुढं 'प्रो' नसून 'दे' लागलेला. अर्थ, 'कमी पडतंय'.

आमच्या मालकांना तोटा हा शब्द चालायचा नाही. गुळाचा भाव पडून दुकान बुडीत गेलं त्या सालीसुद्धा खतावणीत 'तोटा' लिहू दिलं नाही. 'वाढ' लिही म्हणाले. मी म्हटलं, वाढ कसली, आठ हजार गेलेत. म्हणाले, "दुकान बंद करताना आपण काय म्हणतो? वाढवलं म्हणतो. नारळ फोडला तर वाढवला, बांगडी पिचली तर वाढवली. मग ह्ये बी वाढलंच." हिशोब तपासनिसानं ते पान बघून माझ्याकडं असं पाहिलं की अजून आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात.

शिरोळ तालुक्यातून एक ऊस उत्पादक : एफआरपीला, म्हणजे कारखान्यांनी उसाला द्यायच्या सरकारनं ठरवलेल्या किमान दराला, मराठीत 'रास्त आणि किफायतशीर दर' म्हणतात. पण जाहिरातीत 'किफायतशीर दरात मोबाइल' असतं तेव्हा किफायतशीर म्हणजे स्वस्त. मग आमच्या उसाला सरकार रास्त आणि स्वस्त दर देतंय का?

दादा, पत्र वाचून मी एकटाच हसलो, मग जरा गप्प झालो. शंका चोख आहे. किफायत अरबी 'किफाया'वरून आला. त्याचा अर्थ स्वस्त असा नाही आणि फायदा असाही नाही. अर्थ आहे 'पुरेसं होणं'. घेणाऱ्याच्या खिशाला पुरलं तर त्याच्या लेखी किफायतशीर म्हणजे स्वस्त. विकणाऱ्याच्या पोटाला पुरलं तर त्याच्या लेखी किफायतशीर म्हणजे परवडणारा भाव. मराठीनं दोन्ही अर्थ ठेवले आणि भांडण लावून दिलं. 'रास्त' फारसी, म्हणजे सरळ, नीट.

२००९ पर्यंत एसएमपी होती, 'किमान वैधानिक दर'. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात त्या वर्षी बदल झाला आणि एफआरपी आली. त्यात उत्पादन खर्च धरून शेतकऱ्याला नफ्याचं काही अंतर राहावं असं तत्त्व आहे, म्हणून 'किफायतशीर'. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलला ३५५ रुपये, आणि त्यावर उताऱ्याच्या दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. आपल्याकडं उतारा चांगला असतो. समजा १२ टक्के धरला, तर ६० रुपये ५५ पैसे वाढतात, म्हणजे टनाला ४,१५५ रुपये ५० पैसे होतात. त्यातून तोडणी आणि वाहतूक वजा. बघा, वजा इथंही आलाच. पैसे १४ दिवसांत द्यायचे, असा नियम आहे.

हे तुम्हाला पुरतं का, ते मी तुमच्या खताच्या, पाणीपट्टीच्या आणि मजुरीच्या पावत्या बघून सांगू शकेन. शब्दकोश बघून सांगता येणार नाही.

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव : आमच्या पत्रकात 'वाढावा' लिहिलेलं असतं, सभासद 'फरक किती?' विचारतात, नफा कुणीच म्हणत नाही. का?

तुम्ही सभासदांकडून दूध घेता आणि त्यांच्याच वतीनं पुढं पाठवता. वर्षाअखेर काही उरलं तर त्याचा अर्थ असा की दुधाला आधी थोडे कमी दिले होते. तो दरातला फरक दिवाळीला परत करायचा, लिटरच्या हिशोबानं. १९६३ साली जिल्ह्याचा दूध संघ, म्हणजे आपलं गोकुळ, निघाल्यापासून दोन पिढ्यांना 'फरक' म्हटलं की दिवाळीचे कपडे दिसतात. अरबी 'फर्क' म्हणजे वेगळं होणं. इतक्या गोड अर्थानं हा शब्द जगात आणखी कुठं वापरत असतील असं वाटत नाही.

लाभांश वेगळा. तो शेअरवर मिळतो, दुधावर नाही, आणि १९६० च्या सहकार कायद्यानं त्याला १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीला आधी काढून ठेवावा लागतो. म्हणजे कायद्याला 'नफा' शब्दाचं वावडं नाही, सभासदांनाच आहे. वाढावा हा मात्र अस्सल देशी, खर्चापेक्षा जे वाढलं ते. मला तो फार आवडतो. आमच्या मालकांना आवडला असता की नाही शंका आहे. त्यांच्याकडं 'वाढलं' म्हणजे काय, ते वर सांगितलंच.

कसबा बावड्यातला नववीतला एक विद्यार्थी : 'नफेखोर' मधला खोर म्हणजे काय? दरीखोरी मधलं का?

बाळ, खोऱ्याशी संबंध नाही. फारसीत 'खोर' म्हणजे खाणारा. लाचखोर लाच खातो, व्याजखोर व्याज खातो, नफेखोर नफा खातो. भांडखोर भांडण खातो का, असं तू पुढच्या पत्रात विचारशील. तर हो, त्याचं पोट त्यावरच भरतं. एक ध्यानात ठेव, नफा कमावणाऱ्याला नफेखोर म्हणत नाहीत. पूर आला, पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं, गाड्या अडकल्या, आणि कुणी दूधपिशवी दुप्पट दरानं विकली, तर त्याला म्हणतात. २०१९ च्या पुरात हा शब्द मी आमच्या गल्लीत जितक्यांदा ऐकला तितका आधीच्या पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. त्याच गल्लीत एकानं दुकानातला सगळा बिस्किटांचा साठा छपरावर बसलेल्या लोकांना वाटला, त्याला काय म्हणायचं ते मात्र कुणाला सुचलं नाही. "भारी माणूस" म्हणून मोकळे झाले.

जाता जाता राजारामपुरीच्या ताईंना एक. पत्रासोबत तुम्ही चटणीची पाव किलोची पिशवी पाठवलीत, ती पोचली. भाकरीबरोबर निम्मी संपली. तुमच्या पानावर ४० किलो केली आणि ४० किलोच विकली असं आहे, तेव्हा ही पिशवी कुठून आली ते जुळत नाही. घरच्या बरणीतली असेल तर 'नमुना' म्हणून १५० रुपये खर्ची टाका.